टेक्सासची ‘ह्यूस्टन ब्लॅक’ माती आपल्या काळ्या रानासारखीच आहे का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब मूळचं परभणीकडचं, सध्या डॅलसला. दक्षिणेला एलिस काउंटीत काही एकर शेतजमीन घेतली आहे. सरकारी मृदा नकाशात त्या जमिनीवर ‘ह्यूस्टन ब्लॅक क्ले’ असं लिहिलेलं आहे. ही माती आणि आपली कापसाची काळी माती एकच का, इथे ज्वालामुखीचा कातळ नसताना ती तयार झाली कशी, आणि वाळू किंवा जिप्सम (कॅल्शियमचं एक खनिज) घालून ती सुधारता येईल का, हे त्यांना विचारायचं आहे. पुढे फळझाडं आणि छोटं घर असा बेत आहे. मी दोन्हीकडच्या काळ्या जमिनींत खड्डे घेऊन माती वाचण्याचं काम केलं आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: वागणूक जवळजवळ एकच, जन्म मात्र अगदी वेगळा. जमिनीत कुदळ लावण्याआधी हे नीट समजून घ्या. तुमच्या आजोबांना या मातीबद्दल जे ठाऊक होतं त्यातलं पुष्कळसं इथे जसंच्या तसं लागू पडतं. जिथे लागू पडत नाही तिथे कारण बहुतेक वेळा तळातल्या चुन्यात किंवा पावसाच्या वेळापत्रकात सापडतं.

आधी ही माती कुठली ते सांगतो. नावात ह्यूस्टन असलं तरी ती ह्यूस्टन शहराची नव्हे. डॅलसच्या उत्तरेपासून वेको, टेम्पल, ऑस्टिनच्या बाजूने सॅन अँटोनियोपर्यंत एक काळा पट्टा उतरत जातो. त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात; प्रेअरी म्हणजे गवताळ मैदान. त्या पट्ट्यात सुमारे 15 लाख एकरांवर ह्यूस्टन ब्लॅक आहे. मृदाशास्त्रात हिचा गट व्हर्टिसोल, म्हणजे फुगणाऱ्या आणि भेगाळणाऱ्या भारी मातींचा. मराठवाडा-विदर्भातली खोल काळी जमीनही त्याच गटात येते. जगभर व्हर्टिसोल शिकवताना पहिलं उदाहरण म्हणून बहुधा ह्यूस्टन ब्लॅकच घेतात.

आता जन्माची गोष्ट. आपल्याकडची काळी माती दख्खनच्या बेसाल्टमधून आली. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे थर पसरले, पुढे उष्ण-दमट काळात त्यातली खनिजं झिजली आणि त्यांच्यातून नवी चिकणमाती तयार झाली. ती पाण्याबरोबर उतरून सखल भागात, नदीखोऱ्यांत साठली. म्हणून टेकडीवर मुरूम, उतारावर मध्यम जमीन आणि ओढ्याकाठी माणूस बुडेल एवढी खोल काळी, हा क्रम आपल्याला पाठ असतो.

टेक्सासमध्ये बेसाल्टचा संबंध नाही. क्रिटेशियस काळात, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या युगात, उत्तर अमेरिकेच्या मधोमध एक उथळ समुद्र होता. त्याच्या तळाशी सूक्ष्म जीवांची चुनकट कवचं साठली, नद्यांनी आणलेला गाळ साठला आणि दूरच्या ज्वालामुखींची राखही पडली. ईगल फोर्ड शेल या पापुद्र्यांच्या चिकणखडकात त्या राखेपासून झालेले बेंटोनाइटचे, म्हणजे फुगणाऱ्या चिकणमातीचे, पातळ थर आजही दिसतात. समुद्र हटल्यावर खडूसारखा चुनखडक, शेल आणि चुनामिश्रित चिकणमातीचा मऊ खडक, म्हणजे मार्ल, उघडा पडला. ह्यूस्टन ब्लॅक या मार्लवर आणि चुनकट चिकणमातीवर बसलेली आहे. फुगणारी चिकणमाती तिला बरीचशी तयारच मिळाली. आपल्याकडे ती कातळ झिजून घडावी लागली, इथे समुद्राच्या गाळातून वारशाने आली. पावसाने वरचा चुना हळूहळू विरघळवून खाली नेला, मागे चिकणमाती राहिली, आणि तिच्यावर हजारो वर्षं गवत उगवलं.

त्या गवताला कमी लेखू नका. लिटल ब्लूस्टेम, बिग ब्लूस्टेम, इंडियन ग्रास, स्विच ग्रास ही कमरेपासून पुरुषभर उंचीची बारमाही गवतं. त्यांची मुळं फार खोल जातात आणि दरवर्षी त्यातली काही मातीतच कुजतात. वणवे लागत, अमेरिकी बायसन चरत, त्यामुळे झाडं माजत नसत. वरून पडलेल्या पानांपेक्षा आतून मिळालेल्या मुळांनी ही माती खोलवर गडद झाली. ती मूळ प्रेअरी आता 1 टक्क्याहून कमी उरली आहे. तुमच्यापासून गाडीने जाण्याजोगं हंट काउंटीत क्लायमर मेडो नावाचं राखीव कुरण आहे. संधी मिळाली तर जरूर पाहा. आपल्या शेताचं मूळ रूप तिथे डोळ्यांनी दिसतं.

एक गैरसमज इथेच दूर करतो. काळी म्हणजे सेंद्रिय कर्बाने भरलेली, असं बहुतेकांना वाटतं. आपल्या कापसाच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कर्ब अनेकदा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, तरी ती काळीकुट्ट दिसते. थोडासाच ह्यूमस, म्हणजे पूर्ण कुजलेला सेंद्रिय पदार्थ, या विशिष्ट चिकणमातीच्या कणांना आणि कॅल्शियमला घट्ट चिकटतो, पातळ थरासारखा पसरतो आणि सगळी माती रंगवतो. न नांगरलेल्या टेक्सास प्रेअरीत कर्ब पुष्कळ जास्त असतो, पण शंभरेक वर्षांच्या नांगरटीत त्यातला मोठा हिस्सा गेला. रंग मात्र राहिला. त्यामुळे तुमच्या जमिनीचा रंग बघून तिची सुपीकता ठरवू नका, प्रयोगशाळेचा अहवाल घ्या.

आता मुख्य गोष्ट, चिकणमातीची जात. मातीत 40 ते 60 टक्के चिकणकण आहेत एवढं सांगून काही कळत नाही. कोकणच्या लाल जांभ्या मातीतही चिकणकण भरपूर असतात, पण ती अशी भेगाळत नाही, कारण तिच्यात मुख्यतः केओलिनाइट असतं. काळ्या मातीत स्मेक्टाइट असतं. स्मेक्टाइटचा कण म्हणजे पत्त्यांचा जुडगा समजा. एकेक पत्ता साधारण 1 नॅनोमीटर जाडीचा, पत्त्यांमध्ये पाणी आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमसारखे आयन शिरू शकतात. सगळ्या पत्त्यांचे आतले-बाहेरचे पृष्ठ धरले तर 1 ग्रॅम शुद्ध स्मेक्टाइटचं क्षेत्रफळ 700 चौरस मीटरच्या पुढे जातं. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची या मातीची ताकद तिथून येते.

पुस्तकात वाचताना असं वाटतं की सगळी फुगवण या पत्त्यांमधल्या पाण्यामुळे होते. शेतात तसं होत नाही. शेतातली माती कितीही वाळली तरी पत्त्यांमधलं पाणी सहसा पूर्ण जात नाही. फुगणं-आकसणं मोठ्या प्रमाणात या जुडग्यांच्या मधल्या अतिसूक्ष्म पोकळ्यांत होतं. पाणी निघालं की पोकळ्या मिटतात, पाणी आलं की उघडतात. म्हणूनच ओलाव्यातला प्रत्येक बदल महत्त्वाचा: ती एकदम फुगत नाही, ओल जशी चढेल तशी थोडी थोडी हलत राहते.

हे मोजायला साधं माप आहे. ढेकूळ ओलं असतानाची आणि पूर्ण वाळल्यावरची लांबी घ्यायची. फरक वाळलेल्या लांबीच्या 9 टक्क्यांहून जास्त असेल तर माती अत्यंत फुगणारी मानतात. ह्यूस्टन ब्लॅक सहज या वर्गात बसते. वाळलेलं 10 सेंटीमीटरचं ढेकूळ ओलं होऊन 11 सेंटीमीटर झालं तर कानाला फरक छोटा वाटतो, पण तिन्ही बाजूंनी वाढ धरली तर आकारमान एक तृतीयांशाने वाढलं. आता हाच हिशेब आख्ख्या शेताला, घराच्या पायाला आणि रस्त्याला लावून बघा.

ऑगस्टमध्ये शेतात एक खड्डा घ्या, छातीभर खोल, कडा ढासळणार नाहीत अशी काळजी घेऊन. वरचा हातभर थर बारीक, टणक दाण्यांचा दिसेल. भेगा बोटभर ते चार बोटं रुंद, खाली मीटरभर गेलेल्या. अर्ध्या-पाऊण मीटरखाली चाकूच्या टोकाने माती अलगद उचकटा, खरवडू नका. तिरक्या पृष्ठांवर मोठे चपटे ढलपे सुटतील आणि त्यांचे चेहरे मेण लावल्यासारखे चकचकीत असतील. बोट फिरवलं तर एकाच दिशेने गेलेल्या बारीक खाचा लागतील. कुठे एखादं मूळ त्या पृष्ठावर दाबून फितीसारखं चपटं झालेलं दिसेल. या पृष्ठांना स्लिकनसाइड म्हणतात. माती मातीवर घसरल्याची ती खूण आहे.

का घसरते, तर खोलवरची माती ओली होऊन फुगू लागली की तिला आजूबाजूला जागा नसते. आडवा दाब वाढत जातो. वरचं वजन त्या मानाने कमी, म्हणून माती तिरकी फाटून वर सरकते. अगदी वरच्या थरात वजनच नाही, फार खोल ओलीत बदल होत नाही. त्यामुळे ही चकचकीत पृष्ठं मधल्या पट्ट्यातच सर्वाधिक सापडतात.

पूर्वी असं शिकवत की भेगांतून वरची माती खाली पडते, खालची फुगून वर येते आणि काही शतकांत सगळी जमीन उलथीपालथी होते. अजूनही अनेक ठिकाणी हेच लिहिलेलं असतं. थोडी माती भेगांत पडते हे खरं, पण जमीन खरंच घुसळली जात असती तर वरपासून खालपर्यंत सगळं एकजीव झालं असतं. रेडिओकार्बन मोजणीत मात्र सेंद्रिय पदार्थाचं वय खोलीबरोबर नीट वाढत जातं, आणि चुन्याचे खडेही ठरावीक खोलीवरच राहतात. टेक्सास ए अँड एमच्या लॅरी वाइल्डिंग यांच्यासारख्या अभ्यासकांनी ही बाजू ठामपणे मांडली. मलाही खड्ड्यांत तेच दिसत आलं आहे. घुसळण किरकोळ, तिरकं सरकणं मुख्य.

या सरकण्याचा वरचा पुरावा म्हणजे जमिनीचे चढउतार. न नांगरलेल्या प्रेअरीत दर 3 ते 7 मीटरवर एक उंचवटा आणि एक खळगा अशी रचना दिसते, फरक काही सेंटीमीटरपासून हातभरापर्यंत. शास्त्रीय नाव गिल्गाय, टेक्सासचे जुने लोक हॉग वॉलो म्हणत. उंचवट्याखाली चुनकट, फिकट माती वर ढकललेली असते. खळग्यात काळी माती खोल असते आणि पाणी साचतं. नांगरून सपाट केलं तरी खाली तो नकाशा तसाच राहतो. तुमच्या शेतात ज्वारी किंवा मका ठरावीक अंतरावर गोल-गोल चट्ट्यांत पिवळी पडलेली दिसली तर आधी हे आठवा. फिकट जागी चुना वर आलेला असतो आणि लोह पिकाला मिळत नाही.

पाण्याचं वागणंही आपल्याकडच्यासारखंच. कोरड्या, भेगाळलेल्या जमिनीत पहिला पाऊस थेट खाली उतरतो. भेगा मिटल्या की पाणी मुरण्याचा वेग तासाला दीड मिलिमीटरहूनही खाली जातो, आणि मग 2-3 टक्के उतारावरूनही माती वाहून जाते. वेकोजवळ रीझल इथे अमेरिकी कृषी खात्याने 1930 च्या दशकात याच काळ्या जमिनीवर छोटी पाणलोट क्षेत्रं आखून पाऊस, वाहणारं पाणी आणि वाहणारी माती मोजायला सुरुवात केली, आणि ते मोजमाप आजही चालू आहे. जवळच्या टेम्पलच्या प्रयोगशाळेत पुढे पाणलोटातल्या पाण्याचा आणि मातीचा हिशेब करणारं स्वॅट नावाचं संगणकीय प्रारूप तयार झालं. भारतातल्या नदीखोऱ्यांच्या अभ्यासातही ते सर्रास वापरतात.

फरक पडतो तो वेळापत्रकात. मराठवाड्यात जून ते सप्टेंबर जमीन भरते आणि रब्बी ज्वारी त्या साठवलेल्या ओलीवर निघते. सोलापूरकडच्या मंगळवेढ्याची ज्वारी हे अशा पिकाचं नावाजलेलं उदाहरण. टेक्सासच्या काळ्या पट्ट्यात पाऊस वर्षभर थोडाथोडा असतो, जोर मे महिन्यात आणि पुन्हा शरदात. कडक भेगा जुलै-ऑगस्टमध्ये पडतात. म्हणून इथे मका फेब्रुवारीच्या शेवटी ते मार्चमध्ये पेरून उन्हाळा तापण्याआधी मोकळा करतात, ज्वारी मार्चमध्ये, कापूस एप्रिलमध्ये, गहू ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. जून उजाडण्याची वाट पाहण्याची सवय इथे सोडावी लागेल.

मशागतीत एकच गोष्ट जपा: वाफसा, म्हणजे माती ना फार ओली ना फार कोरडी असण्याची वेळ. या मातीत वाफशाचे दिवस थोडे असतात. ओल्या रानात ट्रॅक्टर घातला तर चाकाखालची माती लोण्यासारखी दबते, वाळल्यावर तिची वीट होते. फार वाळू दिलं तर ढेकळं फुटत नाहीत. मूठभर माती वितेवर खालून काढा, तळहातावर वळा. सुरळी होऊन चकाकली तर थांबा, चुरा पडून दाणे सुटले तर कामाला लागा. वरची माती बघून निर्णय घेऊ नका, खालची ओल फसवते. शरदात वाफे किंवा सऱ्या-वरंबे तयार करून ठेवा, म्हणजे वसंतात वरंब्याचा माथा लवकर वाफशावर येतो. हैदराबादजवळ पटांचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेने आपल्या काळ्या जमिनींसाठी रुंद वरंबा-सरीची पद्धत नेमक्या याच अडचणीवर बसवली आणि विदर्भात सोयाबीनला ती बीबीएफ नावाने रुळली. ती तुमच्या जमिनीतही चालेल.

आणि कोळपणी विसरू नका. आपल्याकडे रब्बी ज्वारीला तिसऱ्या आठवड्यात फटीच्या कोळप्याने, पाचव्यात अखंड फासेच्या आणि आठव्यात दातेरी कोळप्याने कोळपायला सांगतात. शेवटची कोळपणी तणासाठी नसतेच, ती भेगा बुजवण्यासाठी असते. उघड्या भेगेच्या भिंतींतून मीटरभर खोलीची ओल उडते. थोड्या जागेवर भाजीपाला केलात तर जूनमध्ये भेगा दिसू लागताच हातकोळप्याने माती ओढून घ्या आणि वर पेंढ्याचं जाड आच्छादन टाका.

वाळू घालू नका. एक वितभर थराचा पोत खरोखर बदलायचा तर एकरी शेकडो टन वाळू लागते, आणि थोडी घातली तर चिकणमाती तिला गिळून आणखी घट्ट होते. जिप्समचा सल्ला तुम्हाला इथे हमखास मिळेल. जिप्सम उपयोगी पडतं ते जमिनीत सोडियम जास्त असेल तेव्हा. अकोला-अमरावती-बुलढाण्याच्या पूर्णा खोऱ्यातला खारपाणपट्टा चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेला, आहे; तिथे कॅल्शियम देऊन सोडियम हटवण्याला अर्थ आहे. ह्यूस्टन ब्लॅकमध्ये कॅल्शियम आधीच ओसंडून वाहतंय. ढेकळावर पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की फसफसतं, ते त्या चुन्यामुळेच. माती परीक्षणात सोडियम जास्त निघालं नाही तर जिप्समचे पैसे वाचवा आणि कंपोस्ट, हिरवळीचं खत, पिकांचे अवशेष यांवर घाला. वर्षांमागून वर्षं ते करत राहिलात तर वरचा थर भुसभुशीत होतो. खालची चिकणमाती तशीच राहते आणि तशीच असू द्यावी, उन्हाळ्यात पीक तगतं ते तिच्यातल्या पाण्यावर. मीटरभर खोलीत पिकाला उपलब्ध होणारं 150 ते 200 मिलिमीटर पाणी ती धरते.

खतांबाबत थोडक्यात. सामू (pH) साधारण 8 च्या आसपास असतो. स्फुरद (फॉस्फरस) चुन्यात अडकतं, म्हणून विस्कटून न देता बियाण्याजवळ पट्ट्यात द्या. जस्त आणि लोह कमी पडतं. लोहासाठी जमिनीतून साधं फेरस सल्फेट देऊन फारसं काही होत नाही, फवारणी करा किंवा ईडीडीएचए प्रकारचं चिलेट, म्हणजे लोह धरून ठेवणारं संयुग, वापरा; चुनकट जमिनीत तेच टिकतं. युरिया पाणी साचलेल्या रानात एकदम टाकू नका, बराचसा नत्र वायू होऊन उडतो.

फळझाडांबद्दल मात्र थांबून विचार करा. या चुनकट काळ्या मातीत कापसाची मूळकूज करणारी एक बुरशी मूळचीच राहते, नाव फायमॅटोट्रिकॉप्सिस. उन्हाळ्यात माती तापली की ती मुळांवर चढते आणि हिरवंगार झाड दोन-तीन दिवसांत पानांसकट उभं वाळतं. दोन हजारांहून जास्त जातींच्या द्विदल वनस्पतींवर ती येते. सफरचंद, पीच, अंजीर तिला सहज बळी पडतात. गवतवर्गीय पिकांना ती काही करत नाही, म्हणून मका-ज्वारी बिनधास्त. खोल काळ्या जमिनीत झाडाला निचऱ्याचाही त्रास असतोच. झाडं लावायचीच असतील तर आधी शेजाऱ्यांना विचारा की जुन्या कापसाच्या रानात कुठे गोल चट्टे मरत होते. ती जागा सोडा. उरलेल्या जागी उंच वरंबे करून, थोडीच आणि प्रतिकारक्षम झाडं लावा. शेवगा आणि कढीपत्ता मोठ्या कुंड्यांत ठेवा, इथल्या हिवाळ्यात ते आत घ्यावे लागतात.

घराचा विषय मातीशी सर्वात जवळचा आहे. पाया चिकणमातीवर असताना एका बाजूला पाणी साचलं आणि दुसऱ्या बाजूला मोठ्या झाडाने ओल ओढली, तर घर वाकतं आणि भिंतींना तिरके तडे जातात. म्हणून डॅलसकडे लोक उन्हाळ्यात पायाभोवती ठिबकने पाणी देतात. पाण्याचं प्रमाण मोठं नसलं तरी चालतं, ओल चारी बाजूंना सारखी राहिली पाहिजे. बांधकामापूर्वी मातीचं भूतांत्रिक परीक्षण करून घ्या आणि फुगणाऱ्या मातीसाठी आखलेला पाया मागा. सांडपाण्याचा साधा शोषखड्डा या मातीत पावसाळी दिवसांत उलटा भरून वर येतो. टेक्सासमध्ये अशा जमिनीवर हवा खेळवून पाणी शुद्ध करणारी आणि वर फवारणारी यंत्रणा सर्रास बसवतात, तिचा खर्च घराच्या अंदाजपत्रकात आत्ताच धरा.

जमिनीच्या नकाशातली नोंद मोठ्या पट्ट्याची असते, तुमच्या बांधाच्या आतली नसते. एलिस काउंटीत उंच कडांवर पांढरट खडूवर उथळ ऑस्टिन आणि एडी माती असतात आणि त्या शंभर-दोनशे पावलांत ह्यूस्टन ब्लॅकला लागून येऊ शकतात. घर त्या उथळ, पांढरट बाजूला आणि पिकं काळ्या बाजूला, असं जमलं तर दोन्ही प्रश्न सोपे होतात. त्यासाठी जमिनीच्या चार-पाच वेगवेगळ्या उंचीच्या जागी मीटरभर खोल हातगिरमिट मारा, पांढरा थर कितीवर लागतो ते लिहून ठेवा, आणि मगच घराची खुंटी ठोका.